मेसेज क्रमांक एकतीस

गुरुवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. ग्रुपचे सभासद एकोणीस. उत्तरासाठी पडून असलेले मेसेज त्रेसष्ट. प्रत्यक्ष हजर मी एकटा. बाकीचे बहुतेक जेवून आडवे झालेले. एवढ्या भांडवलावर मी आमच्या घरातलं तीन वर्षांचं भांडण, जे त्याच दिवशी एक वाजता मिटलं होतं, अडीच वाजेपर्यंत पुन्हा उभं करून दाखवलं.

आणि आधीच सांगून ठेवतो, चूक माझी नव्हती. (हे वाक्य आमच्या घरात माझ्याशिवाय कुणालाही मान्य नाही. पण लिहितो आहे मी.)

मी नागपुरात सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात हिशेब विभागात आहे. आलेल्या टपालावर क्रमांक टाकायचा आणि त्याच क्रमानं ते निकाली काढायचं, ही माझी सव्वीस वर्षांची सवय. आधी आलेलं आधी, नंतर आलेलं नंतर. वरचा कागद तसाच ठेवून खालचा उपसणारा माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर टिकत नाही. 'आपली माणसं' हा आमचा घरचा ग्रुप मीच काढला, मीच त्याचा अ‍ॅडमिन, त्यामुळे त्याचे नियमही मीच केले. एकूण सात. त्यातले दोन महत्त्वाचे. नियम एक: ज्या मेसेजचं उत्तर देत आहात तो मेसेज बोटानं उजवीकडे सरकवून आपल्या उत्तराच्या डोक्यावर घ्यावा, मगच लिहावं. नियम दोन: मेसेज आले त्या क्रमानं उत्तरं द्यावीत. (नियम चार फुलांच्या चित्रांसह सुप्रभात म्हणण्याविषयी होता. तो कुणीच पाळला नाही.)

नियम एकला लोक हसतात. त्यांनी मामाचं प्रकरण ऐकावं. मामाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, त्या सकाळी काटोलहून दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, ग्रुपवर विचारलं, "मामा कसा आहे?" त्याच मिनिटाला माझ्या बायकोनं, सुनंदानं, स्वयंपाकघरातून विचारलं, "सिलिंडरवाला आला का?" मृणालनं, आमच्या मुलीनं, आईला उत्तर दिलं: "आत्ताच गेला."

नुसतं "आत्ताच गेला"! डोक्यावर मेसेज नाही, काही नाही! दादा मिळेल त्या बसनं खांद्यावर पंचा टाकून दवाखान्यात पोचला. मामा पलंगावर बसून साबुदाण्याची खिचडी खात होते. दादानं त्यांना पाहून हंबरडा फोडला तो फोडलाच, आणि मामांचा एक टाका सैल झाला.

नियम त्या संध्याकाळी झाले. आता बोला.

तर भांडण. तीन वर्षांपूर्वी दादानं काटोलला नवीन घर बांधलं, त्याचं वास्तुपूजन होतं. दादाची संत्र्याची बाग आहे आणि आवाज बागेच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा आहे. आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, भिवापूरचे. मिरचीची शेती, तिखट दळायची गिरणी. बोलणं कमी, पण मनात धरतील तर पक्कं. त्या दिवशी दादानं ऐनवेळी ओरडून सांगितलं, "जावईबापू, बर्फ कमी पडून राहिला, जरा आणता का?" घरचे जावई आनंदानं गेले. परत आले तेव्हा पहिली पंगत बसली होती आणि ताटात भात पडला होता. दादा म्हणाला, "बसा आता दुसऱ्या पंगतीत!"

भाऊजींनी बर्फाची लादी ओसरीत ठेवली, ताईला हाक मारली, गाडी काढली आणि भिवापूर गाठलं. जावई, तेही घरचे थोरले, तेही बर्फ आणायला पाठवलेले, आणि दुसरी पंगत! तेव्हापासून दोघं एका ग्रुपमध्ये राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. दादा लगडलेल्या झाडांचे फोटो टाकतो, भाऊजी त्याला अंगठा देत नाहीत. भाऊजी वाळत घातलेल्या मिरच्यांचा लालभडक फोटो टाकतात, दादा त्याखाली हवामान विचारतो, तेही मला. गेल्या दिवाळीला भाऊजींनी शुभेच्छा दिल्या त्या "नागपूर व भिवापूर येथील सर्वांना" अशा.

आमच्या मायला ऐंशी पूर्ण होत होती. ती आमच्याकडेच असते. मी विचारलं, "माय, वाढदिवसाला काय करायचं?"

"केक नको. ऐंशी मेणबत्त्या लावशीन तर घर पेटन."

"मग?"

"मोठा अन् जावईबापू बाजूबाजूले बसून जेवले पाहिजे. पहिल्या पंगतीत. माह्यासमोर."

"आणि नाही बसले तर?"

"तर मीही पानावर बसत नाही. ऐंशी वर्षं जेवली, एक दिवस नाही जेवली तर काय होते?"

हे ती हसत म्हणाली, पण आमची माय हसत म्हणते तेच खरं करते. रविवार ठरला. मी ग्रुपवर रीतसर आमंत्रण टाकलं. दादा 'येतो' म्हणाला. भिवापूरहून तीन दिवस काहीच नाही. आणि गुरुवारी आमच्याकडे तपासणी पथक आलं, साहेबांनी सगळ्यांचे फोन खणात ठेवायला लावले.

दोन वाजता खण उघडला तर त्रेसष्ट मेसेज.

दुसरा कुणी असता तर त्यानं सरळ शेवटचा मेसेज वाचला असता. बहुतेक लोक असेच बेशिस्त असतात. मी डबा बाजूला सारला, चष्मा पुसला आणि क्रमांक एकपासून सुरुवात केली.

एक, दादाचा संत्र्याच्या पेट्यांचा फोटो. "छायाचित्र मिळाले. माल चांगला दिसतो." तीन, आत्याचं गुलाबाचं सुप्रभात. "कृपया नियम चार पाहावा." सात, मृणाल, सकाळी साडेनऊची: "बाबा, जाताना गिझर बंद केला का?" मी लिहिलं, "होय." (गिझर चालूच राहिला होता आणि दहा वाजता सुनंदानं बंद केला होता, हे मेसेज नऊमध्ये होतं. तिथे मी दोन मिनिटांनी पोचलो आणि नऊलाही उत्तर दिलं, "नोंद घेतली.") अकरा, ताई: "तिखट किती आणू?" "एक किलो." अशी कामं झपाझप निघत होती. प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर मूळ मेसेज, एकही सुटलेला नाही. मला मनातून फार बरं वाटत होतं.

आणि मग क्रमांक एकतीस. भाऊजी, अकरा वाजून चाळीस मिनिटं. "काटोलवाले येणार असतील तर आमचे येणे जमणार नाही. दुसऱ्या पंगतीची हौस एकदा फिटली आहे."

मला वाईट वाटलं. पण आलेल्या पत्राला उत्तर द्यावंच लागतं. मी मेसेज उजवीकडे सरकवला आणि लिहिलं: "आपला निरोप वाचला. नोंद घेतली. आपल्या सोयीप्रमाणे करावे."

आणि बत्तीसकडे वळलो.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते सांगतो. (खालचं वाचलं असतं तर माहीत झालं असतं, हे मला आजवर अठरा जणांनी सांगून झालं आहे.) एकतीसच्या खाली पुष्कळ काही घडून गेलं होतं. ताईनं भाऊजींना ग्रुपवरच झापलं होतं. मायनं दोन मिनिटांचा आवाजी मेसेज टाकला होता, त्यातला पाऊण मिनिट ती नुसती नाक ओढत होती. आणि बरोबर एक वाजता, क्रमांक बावन्न, भाऊजींनी लिहिलं होतं: "मायसाठी येतो. वरचा निरोप रद्द समजावा." त्याखाली सगळ्यांचे हात जोडलेले, ताईचं रडू, सुनंदाचं "फार छान झालं", असं त्रेसष्टपर्यंत. तीन वर्षांचं भांडण मिटून लोक जेवून झोपले होते.

आणि दादानं यातलं काहीच वाचलं नव्हतं. तो सकाळपासून बाजारात, संत्र्याच्या लिलावात. त्यानं फोन काढला तेव्हा पडद्यावर सगळ्यात खाली होतं ते माझं उत्तर, आणि त्याच्या डोक्यावर दुसऱ्या पंगतीची हौस!

मी अडतीसवर असताना त्याचा फोन आला.

"अरविंदा, हे काय होऊन राहिलं गा?"

"काय?"

"जावईबापू म्हणते, काटोलवाले आले तर मी येत नाही. अन् तू म्हणतो, सोयीप्रमाणे करा! म्हणजे तुलेही तेच पाहिजे?"

"दादा, ते जुनं आहे. सकाळचं."

"जुनं कसं? तू तर आत्ताच लिहिलं!"

"मी आत्ता लिहिलं, पण त्यांनी आधी लिहिलं. तू वरचं वाच."

"वरचं कायले वाचू? पेटीत वर मांडलेली संत्री असतात, खरा माल खाली असते. अन् खाली तूच आहे!"

फोन ठेवला तोच भाऊजींचा.

"साळेबुवा, मी येतो म्हटलं, अन् तुम्ही म्हणता सोयीप्रमाणे करा. म्हणजे येऊ नको असंच नं?"

"छे! तुमचा 'येतो' हा मेसेज बावन्न क्रमांकाचा आहे, भाऊजी. मी अजून अडतीसवर आहे."

"म्हणजे?"

"अर्ध्या तासात पोचतो."

 मग फोन बंद झाला.

तोवर दादानं ग्रुपवर लिहिलं होतं: "जावईबापूंना त्रास नको. मीच येत नाही." भाऊजी घाबरले. त्यांनी आपला एकतीस क्रमांकाचा मेसेज सर्वांसाठी पुसून टाकला आणि वर लिहिलं, "असा कोणताही निरोप माझ्या नावावर नाही." खरंच, वर जाऊन पाहिलं तर त्या जागी नुसती पुसल्याची खूण होती. पण माझ्या उत्तराच्या डोक्यावर तो तसाच्या तसा होता, भाऊजींच्या नावासकट! (पुसलेला मेसेजसुद्धा जोडलेल्या उत्तरात शाबूत राहतो. नियम एकचा हा फायदा तेव्हा कुणालाही दिसला नाही.)

दादानं लिहिलं: "अरविंदा, जावईबापू नाही म्हणून राहिले. मग हे तू आपल्या मनानं लिहिलं का?"

हे मात्र मला लागलं. सव्वीस वर्षांत माझ्या एकाही कागदावर कुणी खाडाखोडीचा संशय घेतलेला नाही, आणि सख्खा भाऊ एकोणीस माणसांसमोर मला बनावट मजकूर करणारा ठरवतो! मी खुलासा क्रमांक एक टाकला. त्यात भाऊजींचं वाक्य जसंच्या तसं उद्धृत केलं, वेळेसकट. टाकल्यावर लक्षात आलं की 'नाही'नंतरचा पूर्णविराम राहिला. म्हणून खुलासा क्रमांक दोन, शुद्धिपत्रक, पुन्हा वाक्यासकट. मग दादा म्हणाला त्याला पहिला सापडत नाही, तेव्हा तिसरा, त्यात दोन्ही.

मायचा आवाजी मेसेज आला. "अरविंदा, ते पंगतीचं वाक्य आता मले तोंडपाठ झालं. बंद कर नं बाप्पा."

भाऊजींनी एकच ओळ लिहिली. "आम्ही रविवारी येत नाही."

संध्याकाळी घरी पोचलो. सुनंदानं चहा दिला, पण कप जरा मोठ्यानं ठेवला. मी फोन काढला.

"आता काय?"

"एकोणचाळीसपासून राहिले आहेत."

"अहो, सोडा नं! झालं तेवढं पुरे नाही का?"

"पंचवीस माणसांचे... म्हणजे पंचवीस मेसेज पडून आहेत, सुनंदा. त्यांनी काय पाप केलं?"

"बाबा," मृणाल म्हणाली, "एक करा. तुम्ही तुमचं ते उत्तर पुसून टाका. त्याच्यासोबत काकाजींचं वाक्य पण जाईल. विषय खतम."

"दिलेलं उत्तर पुसता येत नाही."

"येते! दोन मिनिटांचं काम आहे!"

"बोटानं येतं. पद्धतीत बसत नाही. आणि पुसलं तर दादा म्हणणार, बघा, बनावट होतं म्हणून पुसलं!"

मृणालनं आईकडे पाहिलं. सुनंदा म्हणाली, "ह्यांच्याशी लग्न मी केलं, तू काहून ऐकून घेते? जा अभ्यास कर."

मी पुढचे घेतले. आणि क्रमानं, कुठलीही घाई न करता, सात वाजता बावन्नला पोचलो. "मायसाठी येतो." वाचून खरंच बरं वाटलं. मी तो सरकवला आणि मनापासून लिहिलं: "स्वागत आहे. आपल्या येण्याने आम्हा सर्वांना आनंद होईल."

पुढच्या मिनिटाला ताईचा फोन.

"अरविंदा, तू ह्यांले चिडवून राहिला का?"

"मी? मी स्वागत केलं."

"ते येत नाही म्हणाले चार वाजता! अन् तू सात वाजता स्वागत करून राहिला! ते म्हणतात, माह्या तोंडावर दार लावून वरून आरती ओवाळते तुझा भाऊ. सकाळपासून मी पिशवी तीनदा भरली अन् तीनदा रिकामी केली. आता चौथ्यांदा भरत नाही, सांगून ठेवते!"

"ताई, चार वाजताचा मेसेज मी अजून..."

"नको सांगू नंबर!"

माय तिच्या खोलीत होती. मी गेलो तर ती पलंगावर पाय सोडून बसली होती, फोन मांडीवर उपडा. मला वाटलं रागावेल. रागावली नाही. म्हणाली, "सुनंदाले सांग, रविवारी माहा स्वयंपाक धरू नको."

"माय, येतील ते."

"तीन वर्षं झाली. मोठा येते तेव्हा जावई येत नाही, जावई येते तेव्हा मोठा येत नाही. एका वेळी अर्धंच घर पाहून राहिली मी." मग थोडं थांबून म्हणाली, "एक वाजता पुरं दिसलं होतं. तास दीड तास."

मी तिच्या मांडीवरचा फोन सुलटा करून ठेवला. 

मी बाहेर येऊन दादाला फोन लावला. उचलला नाही. भाऊजींना लावला. बंद. तेव्हा ग्रुपवर लिहिलं: "आजच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे." (चूक नव्हतीच. गैरसोय होती. जी होती तिच्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.) 

शुक्रवारी ग्रुपवर एकही मेसेज आला नाही. सुप्रभात नाही, गुलाब नाही, संत्री नाहीत. शनिवारी दुपारपर्यंतही नाही. मी सुनंदाला म्हटलं, "एवढं झालं, पण एक गोष्ट चांगली झाली. लोकांना शिस्त लागली."

सुनंदा पोळीवर तूप लावत होती. ती लावतच राहिली. मृणालला मात्र हसू आवरेना. ती फोडणीच्या वासानं ठसका लागल्यासारखं करून आत पळाली. मी मागोमाग गेलो.

"काय आहे?"

"काही नाही, बाबा."

"मृणाल!"

"नवीन ग्रुप निघाला, बाबा. गुरुवारी रात्री. 'आपली माणसं, नवीन'."

"सभासद?"

"अठरा."

एकोणीसमधून अठरा वजा केले की किती राहतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"अ‍ॅडमिन कोण?"

"आजी."

"मायला ग्रुप काढता येतो?"

"मी काढून दिला. पण तुम्हाला घ्यायचं नाही, हे तिचं तिनंच ठरवलं."

"आणि तुम्ही दोघी त्यात आहात? माझ्या घरात राहून?"

"बाबा, ऐका तर. मोठे काका अन् काकाजी बोलून राहिले!"

मी खाली बसलो. तिनं फोन माझ्या हातात दिला नाही (मी उत्तरं देत सुटेन अशी भीती!), पण वाचून दाखवलं. शुक्रवारी सकाळी दादानं लिहिलं होतं, "हा अरविंदा लहानपणापासूनच भैताड आहे. शाळेत मास्तरनं हजेरी चुकीची घेतली तर 'हजर' म्हणायच्या आधी दुरुस्ती सांगायचा." त्यावर आत्या हसली, मामा हसले. आणि मग भाऊजींनी लिहिलं होतं, तीन वर्षांत पहिल्यांदा, सरळ दादाला: "तुम्ही भाऊ म्हणून सहन करता. मी बाहेरचा असून सहन करून राहिलो."

"मग?" मी विचारलं.

"मग मोठ्या काकांनी लिहिलं, 'तुम्ही बाहेरचे कसे, जावईबापू? चूक माही होती. बर्फ आणाले मी पाठवलं, अन् पंगत मीच बसवली. तुमच्यासाठी थांबाले पाहिजे होतं.'"

सुनंदा दारात येऊन उभी होती. पदराला तूप लागलेलं. 

मग मला एक शंका आली.

"मृणाल, दादानं हे कसं लिहिलं? नुसतं खाली, की भाऊजींचा मेसेज डोक्यावर घेऊन?"

तिनं पाहिलं. "काकाजींचा मेसेज जोडून."

"बघ!" मी उठलोच. "बघ! ग्रुपमध्ये अठरा माणसं, मध्ये आत्याचं हसणं, मामाचं हसणं. न जोडता लिहिलं असतं तर आत्याला वाटलं असतं आपण बाहेरचे आहोत का म्हणून! नियम एकमुळे तीन वर्षांचं भांडण मिटलं!"

"अहो, तुम्हाला शिव्या देता देता मिटलं," सुनंदा म्हणाली.

"कारण काहीही असो, पद्धत बरोबर होती."

रविवारी अकरा वाजता दारात एकच ऑटो थांबला आणि त्यातून दादा आणि भाऊजी दोघं उतरले. एक काटोलच्या बसचा, एक भिवापूरच्या. दोघांनी बसस्टँडवर एकमेकांची वाट पाहिली होती. मागच्या बाजूला ताई, वहिनी आणि संत्र्याची पेटी. दादाच्या काखेत भाऊजींनी दिलेलं तिखटाचं पाकीट. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. एकमेकांकडे पाहून हसले.

सुनंदानं वडाभात केला होता, वर हिंगाची कडकडीत फोडणी. सांभारवडी, कढी, ताईनं आणलेल्या मिरचीचा ठेचा. पाटांची ओळ मांडली. मायला समोर खुर्ची. दादानं भाऊजींचा हात धरून पहिल्या पाटावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. मी माझा पाट पुढे ओढला.

"तू नाही," दादा म्हणाला.

"का?"

"तू दुसऱ्या पंगतीत."

भाऊजी इतके मोठ्यानं हसले की त्यांच्या ताटातला पापड तुटला. मी म्हटलं, "हे नियमात बसत नाही." भाऊजी म्हणाले, "साळेबुवा, सोयीप्रमाणे करावे." पुन्हा सगळे हसले. मी कढीचं पातेलं उचललं आणि वाढायला लागलो. मायनं समोर ताट घेतलं, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पहिला घास खाल्ला. दुसरा घास खाताना तिनं माझ्याकडे पाहून ताटावर बोट आपटलं, म्हणजे वडाभात आणखी. तीनदा मागून घेतला तिनं. 

जेवणं झाल्यावर, म्हणजे दुसरी पंगतही झाल्यावर (तीत मी आणि परतीसाठी थांबवलेला ऑटोवाला), मायनं मला बोलावलं. तिच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला भाऊजी, दोघांच्या तोंडात सुपारी.

"ग्रुपात यायचं म्हणतो का?"

"ग्रुप मीच काढला होता, माय."

"तो जुना. त्यात आता तूच एकटा आहे. हा माहा आहे. यात यायले अकरा रुपये लागते."

"कशाचे?"

"तुह्या नियमायचे."

मी खिसा चाचपला, दहाची नोट आणि एक रुपयाचं नाणं तिच्या हातावर ठेवलं. "पावती?"

"देते नं." तिनं चष्मा लावला, मला ग्रुपमध्ये घेतलं आणि सगळ्यांसमोर एक अंगठा टाकला.

नुसता अंगठा! कशाबद्दल, कुणाला, काही उल्लेख नाही! वरच्या मेसेजमध्ये मामा विचारत होते, भात उरला का. उद्या कुणी म्हटलं असतं, हा अंगठा भाताचा आहे, तर अकरा रुपयांना आधार काय राहिला असता? मी तो अंगठा उजवीकडे सरकवला आणि त्याखाली लिहिलं: "रुपये अकरा फक्त, ग्रुपप्रवेशापोटी, मायकडे रोख जमा केल्याबद्दलची पोच मिळाली. आभारी आहे."

दादा आणि भाऊजींनी एकाच वेळी मायकडे पाहिलं. मायनं एकदाच बोट दाबलं आणि मी ग्रुपबाहेर झालो.

तेव्हापासून दर तोच आहे, प्रत्येक प्रवेशाला अकरा. आजवर मायला रोख पोचते केलेले एकूण एकशे दहा रुपये. एकाही रकमेची पावती मिळालेली नाही, आणि मी एकही उत्तर मेसेज न जोडता दिलेलं नाही.